तळे सर्वांचे, मग गाळ कोण काढणार?

आमच्या वस्तीतील विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तेथे रात्री अकरा-साडेअकरापर्यंत बसतात. नोकरीला लागलेल्या काही बांधवांनी आपापल्या कार्यालयांतून मोडीत निघालेले सहा संगणक अभ्यासिकेला मिळवून दिले आणि एका जाणत्या कार्यकर्त्याने त्यांवर डेबियन नावाची मोफत लिनक्स प्रणाली बसवली. दिवाळीच्या सुट्टीनंतर अभ्यासिका उघडली, तेव्हा त्यातील चार संगणकांवर कोणतेच नवे सॉफ्टवेअर उतरेना. दरवेळी पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येत आणि काम तेथेच थांबे. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने त्या ओळी न वाचताच निकाल दिला, "फुकटचे असेच असते. मशिनी भंगारात काढा, नव्या घ्या."

समितीची बैठक बसली. वर्गणीचा आकडाही निघाला. तेवढ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने शब्दकोश उघडून त्या चार ओळी वाचल्या. अर्थ सरळ होता. भांडारातून आलेली यादी अजून वैध झालेली नाही, ती वैध व्हायला अकरा दिवस बाकी आहेत! यादी उद्याची कशी असेल? म्हणजे संगणकाचे घड्याळच अकरा दिवस मागे होते. आतल्या मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळवण्याची सोय तेथे सुरू नव्हती. चाळीस-पन्नास रुपयांना एक असे चार सेल आणले, घड्याळे लावली आणि 'भंगार' पुन्हा चालू लागले.

प्रश्न चार सेलचा नाही. यंत्र आपले दुखणे स्वतःच सांगत होते. पण इंग्रजी ओळ दिसली की मान खाली घालायची आणि जाणकाराने सांगितले की मान डोलवायची, ही जी सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लावण्यात आली, ती त्या संगणकासमोरही सुटत नव्हती. पोथी वाचण्याचा अधिकार एकाचा आणि ऐकण्याचे कर्तव्य दुसऱ्याचे, हीच ती व्यवस्था. फक्त पोथी बदलली आहे.

हा विषय चळवळीच्या वाचकांपुढे आजच का मांडायचा? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित मोफत आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक एका तारखेत 'जुने' ठरले. असे संगणक दान म्हणून कोणाकडे येतात? आपल्या अभ्यासिकांकडे, आपल्या वसतिगृहांकडे, आपल्या विहारांकडे. त्यांवर चोरीची विंडोज टाकून व्हायरसला निमंत्रण द्यायचे, की सर्वांच्या मालकीची प्रणाली टाकून ती सांभाळायला शिकायचे, हा निवडीचा प्रश्न आहे.

डेबियनमध्ये सॉफ्टवेअर दुकानातून किंवा कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून आणावे लागत नाही. सुमारे ७० हजार पॅकेजेसचे एक सामाईक भांडार आहे. त्यातून हवे ते आणणारा, त्याला लागणारे इतर भाग शोधून जोडणारा आणि सारे जागच्या जागी बसवणारा एपीटी नावाचा व्यवस्थापक संगणकात असतो. भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि प्रत्येक पॅकेजचा ठसा त्या यादीशी बांधलेला असतो. वाटेत कोणी भेसळ केली तर ठसा जुळत नाही आणि एपीटी ते पॅकेज नाकारतो. हे सारे कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. १९९३ साली इयान मर्डॉक या तरुणाने हा प्रकल्प सुरू केला. आज मर्डॉक हयात नाहीत, पण प्रकल्प चालू आहे. कारण तो व्यक्तीवर नव्हे, नियमांवर उभा राहिला.

होय, डेबियनला संविधान आहे! ते १९९८ साली स्वीकारले गेले. त्याआधी १९९७ साली एक सामाजिक करार झाला. आपल्या चुका लपवणार नाही, दोषांची नोंदवही सर्वांसाठी उघडी ठेवू, असे वचन त्यात आहे. सॉफ्टवेअरच्या परवान्यात कोणत्याही व्यक्तीविरुद्ध वा समूहाविरुद्ध भेदभाव चालणार नाही, हा दंडकही त्याच करारासोबत आला. प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. २०१० साली तर सदस्यांनी असा ठराव केला की, जे पॅकेज बनवत नाहीत पण भाषांतर, लेखन, चित्रे अशी कामे करतात, त्यांनाही पूर्ण सदस्यत्व मिळावे. म्हणजे काम कोणते, यावरून माणसाची प्रत ठरवायची नाही.

त्या संविधानातील एक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या संविधानाने कोणावरही काम करण्याची सक्ती होत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्याला एखादे काम करायचे नाही त्याने ते करू नये. मात्र ठरलेल्या निर्णयांच्या विरोधात काम करू नये. वेठबिगारी आणि महारवतनाचा इतिहास ज्यांच्या पाठीवर आहे, त्यांना या तरतुदीचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. भारतीय संविधानाच्या २३ व्या कलमानेही वेठबिगारीला मनाई केली आहे.

पण येथेच खरा प्रश्न उभा राहतो. सक्ती नाही, तर गाळ कोण काढणार?

महाडचा इतिहास आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो बांधवांसह तळ्यावर जावे लागले. कागदावर खुले असणे आणि प्रत्यक्षात आपले असणे, यांत केवढे अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. डेबियनचे तळे कागदावरही खुले आहे आणि प्रत्यक्षातही. तेथे पहारेकरी नाही. पण ज्या तळ्याचा गाळ कोणी काढत नाही ते आटते किंवा सडते.

आपल्या समाजव्यवस्थेने सांभाळण्याचे, झाडण्याचे, दुरुस्तीचे काम एका बाजूला ढकलले आणि मालकी व मान दुसऱ्या बाजूला ठेवला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. संगणकाचे जग या रोगापासून मुक्त आहे काय? मुळीच नाही. नवे ॲप काढणाऱ्याचे फोटो छापून येतात. जुने, सर्वांच्या गरजेचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे सांभाळणारा मात्र अंधारात राहतो. डेबियनमध्ये ज्या पॅकेजला सांभाळणारा उरत नाही, त्याला 'अनाथ' म्हणतात. अशा अनाथांची, आणि मदत हवी आहे असे सांभाळणाऱ्यांनीच कळवलेल्या पॅकेजेसची यादी उघडपणे लावलेली असते.

या उपेक्षेची किंमत काय असते, ते २०२४ साली जगाने पाहिले. फाइल लहान करून साठवणारे एक्सझेड नावाचे साधन जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकात असते. ते बहुतांशी एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता, हे त्याने उघडपणे लिहिलेही होते. तेव्हा काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणला की, काम संथ आहे, दुसऱ्याला हाताशी घ्या. 'जिआ टॅन' हे नाव लावणारा कोणी तरी त्याआधीपासून गोड बोलून मदत करत होता. त्याला अधिकार मिळाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने नव्या आवृत्तीत चोरदार बसवले. मार्चच्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या डेबियनच्या अस्थिर आवृत्तीत दूरच्या संगणकावर प्रवेश घ्यायला अर्ध्या सेकंदाचा उशीर का लागतो, असा प्रश्न पडला. त्याने पिच्छा पुरवला आणि कट उघडा पडला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचला नव्हता, म्हणून मोठा अनर्थ टळला.

यातून दोन धडे मिळतात. एकाच माणसाच्या पाठीवर सर्वांचे ओझे टाकणारी संघटना शत्रूला दार उघडून देते. चळवळीतील संस्थांनाही हा धडा लागू नाही काय? एकच कार्यकर्ता चाव्या सांभाळतो, हिशेब लिहितो, सतरंज्या घालतो. तो थकला की संस्थेत कोण शिरते, हे आपण पाहिलेले आहे. आणि दुसरा धडा असा की, अर्ध्या सेकंदाचाही जाब विचारणारी चिकित्सक बुद्धी हीच खरी राखण आहे. बुद्धाच्या धम्मात ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्यापेक्षा तपासून पाहण्याला स्थान आहे, ते उगीच नव्हे.

आता कोणी म्हणेल, हे स्वयंसेवकांचे काम पोट भरलेल्यांचे आहे. ज्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप, चांगले इंग्रजी आणि रिकामी संध्याकाळ आहे, त्याने करावे. आमची मुले संध्याकाळी पार्सल पोहोचवतात आणि घरी पैसे पाठवतात. हा आक्षेप खरा आहे; तो झटकून टाकता येणार नाही. भेदभाव करू नये असे लिहिल्याने समान संधी येत नाही. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे कसे आहेत यावर सारे अवलंबून असते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो डेबियनच्या संविधानालाही लागू पडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद आपल्या देशात, कोचीला झाली. आपल्या वस्त्यांतून तेथे जाण्याइतकी वाट आपण कोणासाठी तयार केली होती?

म्हणून उपाय समाजाने करायचा आहे. जयंतीच्या वर्गणीतून डी.जे.च्या एका रात्रीचे भाडे वाचवा आणि त्यातून प्रत्येक अभ्यासिकेत दोघांना मासिक मानधन द्या. त्यांतील एक मुलगी असलीच पाहिजे. काम कोणते? दर आठवड्याला भांडाराची यादी ताजी करून सर्व संगणक अद्ययावत करायचे. डिस्क भरली तर एपीटीने साठवलेल्या जुन्या फाइली आणि नको असलेली पॅकेजेस काढायची. भारनियमनामुळे मध्येच वीज गेली आणि बसवणे अर्धवट राहिले, तर घाबरायचे नाही. कोणती आज्ञा द्यायची ते संगणक पडद्यावर स्वतःच लिहून दाखवतो. 'कुलूप आहे' असा निरोप आला तर मागे दुसरे अद्ययावतीकरण चालू आहे, हे ओळखून थांबायचे. कुलूप फोडायचे नाही. बाहेरची अनोळखी भांडारे जोडायची नाहीत, कारण त्या भेसळीतून बिघाड होतात. आणि प्रत्येक बिघाड, त्याचा निरोप व त्याचा उपाय मराठीत एका वहीत लिहून ठेवायचा. दुसऱ्या वर्षी ही वही पुढच्या दोघांच्या हाती द्यायची. म्हणजे ज्ञान एकाच्या डोक्यात अडकणार नाही आणि गाळ काढण्याची पाळी प्रत्येकावर येईल, कोणा एका जमातीवर नाही.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिटच्या फार जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. दान घेताना एवढे पाहून घ्यावे.

डेबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठी दिसते. भांडारात लोहित देवनागरी फाँटही आहे. ते आकाशातून पडलेले नाहीत. कोणी तरी बसून एकेक शब्द लावला, एकेक अक्षर तपासले, म्हणून ते आहेत. त्या भाषांतरातली चूक दाखवणे, ती नोंदवणे, हेही योगदानच आहे. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही. आपली भाषा नीट येत असावी लागते आणि ती आपल्या लेकरांना येते.

अभ्यासिकेतील त्या मुलीने आता वही घातली आहे. पहिल्या पानावर सेलची गोष्ट आहे, दुसऱ्या पानावर कुलपाची. परवा तोच दुरुस्तीवाला दुसऱ्या कामासाठी आला आणि ती वही चाळत उभा राहिला. म्हणाला, "याची झेरॉक्स मिळेल का?" मुलगी म्हणाली, "मिळेल. पण तुम्हाला नवे काही सापडले तर यात लिहून जायचे." तळ्याच्या मालकीचा याहून वेगळा अर्थ मला तरी ठाऊक नाही.

जयभीम!