देवाला कात्री

दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या कॅलेंडरावरच्या लक्ष्मीचे काय करावे, हा पेच आपणां सर्वांनाच पडतो. रद्दीत घालवत नाही, भिंतीवर ठेवता येत नाही. शेवटी ती गुपचूप पिंपळाच्या पारावर जाते. भूपेन खक्कर या चित्रकाराने तिला थेट जहांगीर कलादालनात नेले. १९६५ साली मुंबईत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले, ते कोलाजचे. कोलाज हा शब्द फ्रेंच असला तरी अर्थ अगदी घरगुती: चिकटवणे! बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या तसबिरी कापायच्या, चिकटवायच्या, वर रंग फासायचे आणि पोरे भिंतीवर गिरगटतात तशी अक्षरे ओढायची. गृहस्थ मूळ मुंबईचे, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ साली बडोद्यास गेल्यावरही हिशेबाची नोकरी सुटली नाही.

ही विटंबना म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला नि देव स्वस्त होऊन घरोघर आले. तेव्हापासून या तसबिरींपुढे हात जोडणारे पुष्कळ आणि नाक मुरडणारे रसिकही पुष्कळ. चित्र म्हणून त्यांच्याकडे निरखून पाहणारे मात्र थोडे. कापायचे म्हटले की निरखावेच लागते. कडा कुठे, मुकुट कुठे संपतो, हे नमस्कार करताना कोण पाहतो?

आमच्या आईला हे सारे पटवून सांगितले. तिने निवडता निवडता एवढेच विचारले, "मुखावरून कात्री नाही ना रे फिरवली?"