आधी निवू द्या!

दिवाळीची आवराआवर सुरू झाली म्हणजे पुरुषमाणसाने काही तरी सबळ निमित्त काढून अंगणात जावे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. घरात राहिले की माळ्यावर चढावे लागते. अंगणात आमची गाडी असते. ती साफ करण्याचे काम कोणी मागत नाही आणि कोणी हिरावूनही घेत नाही. त्यामुळे ते खाते वर्षानुवर्षे माझ्याकडे बिनविरोध आहे.

गाडी जुनी, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. बाहेरून अजून चारचौघांत उभी करावी अशी दिसते. परंतु बॉनेट उघडले की आजोळच्या चुलीमागची भिंत आठवते. तेल, धूळ आणि पावसाळ्याचा चिखल यांचा तो थर. त्यात वाळलेली पानेही अडकलेली. 2016 सालच्या खंडेनवमीला हा थर पाहून मला स्फुरण चढले. शस्त्रपूजा करायची ती स्वच्छ शस्त्राची, असे म्हणून मी बागेची नळी आणली आणि इंजिनावर सोडली.

मी तेव्हा नुकताच मंडईतून झेंडू घेऊन आलो होतो, ही गोष्ट मात्र विसरलो. इंजिन चांगलेच तापलेले होते. भस्सकन वाफ उठली. मला वाटले, मळ निघाला!

दुसऱ्या दिवशी दसरा. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, मंडळी नटूनथटून आत बसली आणि मी किल्ली फिरवली. घर्र घर्र असा आवाज करून गाडी गप्प झाली. शेजाऱ्यांनी ढकलली, तरी गप्प. आमचे सीमोल्लंघन त्या वर्षी फाटकापासून वीस पावलांवर संपले.

शेवटी मेस्त्री आले. त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढले. गॅरेजवाले या वस्तूला 'डेल्को' म्हणतात. आत पाण्याचे थेंब होते. कोरड्या फडक्याने टोपण पुसून त्यांनी परत बसवले आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, इंजिनाला आंघोळ घालायची नसते, अंग पुसायचं असतं. आणि तेसुद्धा आधी निवू द्या. बिडाचं सामान आहे. तापल्यावर गार पाणी पडलं तर तडकायचं एखाद्या वेळी."

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. वाचकांपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे आणि माळ्यावर चढायची इच्छा नाही, त्यांच्यासाठी ती विद्या येथे देतो.

गाडी सावलीत उभी करून दोन-तीन तास थांबावे. इंजिनावर हात ठेवता आला पाहिजे. तापलेल्या रेडिएटरचे टोपण तर मुळीच उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेले असते आणि टोपण सैल होताच ते तोंडावर येते. मग दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची वजा खुणेची तार प्रथम सोडवावी. अधिक खुणेची आधी सोडवायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणग्यांची आतषबाजी अवेळी होते. तार सोडवण्याचा आणखी एक फायदा असा की, विजेवर चालणारा पंखा असला तर तो आपोआप सुरू होऊन बोटे धरीत नाही.

पुढले काम कोरडे. पाने, काटक्या, उंदराने जमवलेला कापूस हे सगळे हाताने आणि ब्रशने काढावे. एक्झॉस्टच्या तापत्या नळ्यांजवळ हा कचरा राहिला तर पेट घेऊ शकतो. नंतर डेल्को, कॉइल, आल्टरनेटर, फ्यूजचा डबा आणि एअर फिल्टरचे तोंड यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्या. एअर फिल्टरला विशेष जपावे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. म्हणून सिलिंडरात पाणी शिरले आणि पिस्टन वर आला, तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. तेल ओतण्याचे टोपण आणि तेल मोजण्याची कांडी नीट बसली आहेत ना, तेही पाहावे.

आता मळ. त्याला भांडी घासायचा साबण कोमट पाण्यात कालवून पुरतो. फार चिकट असला तर पाण्यात मिसळणारे डीग्रीझर बाजारात मिळते. ब्रशने लावावे, थोडा वेळ मुरू द्यावे, ओल्या फडक्याने पुसावे. पाणी हवेच असेल तर कुंड्यांना मारायच्या फवाऱ्याने बेतानेच मारावे; जोराच्या पंपाने नव्हे. रॉकेलाने रबराच्या नळ्या फुगतात आणि तेही पेटतेच. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. सगळे झाले की पिशव्या काढून बॉनेट उघडे ठेवावे, वाळू द्यावे आणि वजा तार सर्वांत शेवटी जोडावी.

आणि पेट्रोलने कधीही पुसू नये. कशाने म्हणून विचाराल तर पुढे वाचा.

2023 सालची वसुबारस. भाऊबिजेला नातवंडांना घेऊन साताऱ्याला बहिणीकडे जायचे होते. म्हणजे खंबाटकीचा घाट आला. चार-आठ दिवस गाडीत पेट्रोलचा वास येत होता. "जुनी गाडी आहे, यायचाच," असे मी सौभाग्यवतीला दोनदा सांगितले होते. त्या दुपारी वरीलप्रमाणे सगळी साफसफाई केली. इंजिन वाळले, तार जोडली, गाडी सुरू केली आणि आपलेच काम कौतुकाने पाहत उभा राहिलो.

पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीवर एक थेंब उभा राहिला. तो पडला. दुसरा आला. नळीला बारीक भेगा गेल्या होत्या. काळ्या थराखाली सगळेच ओलसर दिसत असल्यामुळे त्या कधी कळल्याच नव्हत्या. आणि नळीपासून वीतभर अंतरावर एक्झॉस्ट!

मी इंजिन बंद केले आणि मागे वळलो. पडवीच्या पायरीवर सौभाग्यवती पणत्या मांडत होती. थोरली नात काडेपेटी घेऊन तिच्या शेजारी बसलेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेईल इतकी वाफ पेट्रोल सोडते. आपली तर कार्तिकाच्या तोंडावरची दुपार होती.

"काडी ओढू नका!" एवढेच मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी घरात कधी बोललो नव्हतो. नात रडू लागली. सौभाग्यवतीने काही न विचारता तिच्या हातातून काडेपेटी घेतली.

तार सोडवली, गाडी चौघांनी ढकलून दूर मोकळ्यावर नेली. संध्याकाळी मेस्त्रींनी पेट्रोलसाठीच असलेली नवी नळी आणि नव्या क्लिपा बसवल्या. पैसे चकल्यांच्या एका डब्याइतकेही झाले नाहीत. पणत्या त्या दिवशी मागच्या दारी लागल्या.

म्हणून माझे आता असे मत झाले आहे की, इंजिन चमकावे म्हणून पुसायचे नसते. मळाखाली काय दडले आहे ते दिसावे म्हणून पुसायचे. तुमची गाडी नवी असेल आणि नारिंगी रंगाच्या जाड तारांची, म्हणजे विजेवर किंवा हायब्रिड पद्धतीने चालणारी असेल, तर त्या तारांना हात न लावता काम जाणत्याकडे सोपवा. आणि पेट्रोलचा वास आला तर "यायचाच" असे म्हणू नका.

सौभाग्यवती विचारते आहे, माळा कधी काढायचा. मी सांगितले, इंजिन अजून निवायचे आहे.