भूकंप फक्त प्लेटच्या कडेलाच होतो का?

"कतारमध्ये कुठे होतात भूकंप? मग भूकंपात काय करायचं ते आपण कशाला शिकायचं?" अल अझीझियात राहणाऱ्या कुणाही मुलाच्या मनात असा प्रश्न येऊ शकतो. प्रश्न योग्यच आहे. पण माझं मत विचाराल, तर आपण ते शिकायलाच हवं.

आधी नकाशा पाहू. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. तडकलेल्या फरशीसारखे त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट किंवा प्लेट म्हणतात. या प्लेट वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपली नखं वाढतात तेवढ्याच हळू सरकतात. दोन प्लेट जिथे एकमेकींना रेटतात, तिथे खडकांवर ताण साठत जातो. ताण फार वाढला की खडक एकदम तुटून सरकतो आणि जमीन हादरते. जगातले बहुतेक भूकंप अशा कडांवरच होतात.

कतार अरबी प्लेटच्या आतल्या भागात आहे, म्हणून इथे मोठे भूकंप सहसा होत नाहीत. पण आखाताच्या पलीकडे, इराणमध्ये, हीच प्लेट युरेशियन प्लेटला रेटते. 16 एप्रिल 2013 रोजी इराण-पाकिस्तान सीमेजवळ 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचा धक्का दोह्यातही जाणवला आणि उंच इमारतींमधून लोक खाली आले. आईबाबा तेव्हा इथे असतील, तर त्यांना जरूर विचारा. दूरच्या भूकंपाच्या लाटांनी उंच इमारती हलतात. त्यामुळे तळमजल्यावर काही कळत नाही, पण वरच्या मजल्यावरचा दिवा झुलू लागतो.

आता महाराष्ट्राकडे वळू. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी हे गाव भारतीय प्लेटच्या आत आहे. हिमालयाजवळची कड तिथून हजार किलोमीटरहून दूर. तरीही 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, तिथली जमीन हादरली. कडेवरचा रेटा प्लेटच्या आतही पोचतो आणि जुन्या, कमकुवत भेगेजवळचा खडक तुटू शकतो. सातारा जिल्ह्यातल्या कोयनानगरलाही 11 डिसेंबर 1967 रोजी मोठा भूकंप झाला. तेही कडेपासून दूरच!

किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता सहाहून थोडीच जास्त होती. इराण सीमेवरच्या भूकंपात त्याच्या शंभर पटींहून अधिक ऊर्जा होती. पण तो खूप खोल झाला, वस्तीही विरळ होती, म्हणून तिथे मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. किल्लारी परिसरात मात्र हजारो माणसं गेली. तो भूकंप उथळ होता, वेळ झोपेची होती आणि दगड-मातीच्या जाड भिंती अन् जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. म्हणजे नुसती जमीन हलल्याने माणसं मरत नाहीत. बहुतेक जण पडणाऱ्या घराखाली सापडतात.

काही पालक म्हणतील, "मुलांना उगाच कशाला घाबरवायचं?" पण शाळेत आग लागल्यावर काय करायचं याचा सराव होतोच ना? त्यामुळे कुणी आगीला घाबरून बसत नाही. उलट, काय करायचं ते ठाऊक असलं की धीर येतो.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक घरात वर्षातून एकदा तरी सराव व्हावा: खाली बसा, मजबूत टेबलाखाली जाऊन डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. लिफ्ट वापरू नका. आणि सुट्टीत गावी जाल, तेव्हा आजी-आजोबांना विचारा, "आपलं घर कशाचं बांधलंय? पलंगाजवळचं कपाट भिंतीला पक्कं बसवलंय का?" कड कुठे आहे ते नकाशा सांगतो. घर किती पक्कं आहे, ते मात्र आपल्यालाच बघावं लागतं.

विचार करा
1. कतारमध्ये मोठे भूकंप सहसा का होत नाहीत?
2. किल्लारीत एवढी हानी का झाली? तीन कारणं सांगा.
3. लेखकाचं मत तुम्हाला पटतं का? का, ते चार-पाच वाक्यांत लिहा.