तक्रार दिली? आता हिशेब मागा!

नागरिकहो, पोलीस ठाण्यात तक्रार दिली की आपले काम संपले, पुढचे साहेब बघतील, ही समजूत महागात पडते. दखलपात्र गुन्हा असेल तर प्रथम खबर नोंदवून तपास सुरू व्हायला हवा. अदखलपात्र असेल तर 'एन.सी.' म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते, त्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. पण व्यवहारात आणखी एक वाट पडली आहे. साधा अर्ज घ्यायचा, आवक शिक्का मारायचा आणि 'चौकशी करून कळवतो' म्हणून माणसाला घरी पाठवायचे. चोरीला गेलेला मोबाइल कागदावर 'गहाळ' होतो तो याच वाटेने. अशा अर्जावर तपासाची घड्याळे चालू होत नाहीत.

कायदा याबाबत मुळीच संदिग्ध नाही. माहितीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार 'आमची हद्द नाही' ही सबब चालत नाही आणि प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी लागते. कलम 193 नुसार तपास कुठवर आला, हे 90 दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मग विचारणा करणारा फिर्यादी उद्धट कसा ठरतो?

मनुष्यबळ अपुरे आहे, बंदोबस्तातच दिवस जातो, असे उत्तर मिळते. ते खरेही आहे. पण नोंद टाळल्याने गुन्हे कमी होत नाहीत, फक्त आकडे कमी दिसतात. आणि आकडेच कमी दिसले तर जादा पोलीस मागायचे कशाच्या जोरावर? खोट्या तक्रारींची भीती घातली जाते. त्यासाठी तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशीची सोय आहे आणि खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हाही आहे. नोंद झाली म्हणजे अटक होईलच असे नाही. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर 'अ' समरी देऊन प्रकरण बंदही होऊ शकते. मात्र प्रकरण बंद करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच ठरवून दिले आहे. ही संधी ज्याची तक्रार नोंदली गेली त्यालाच मिळते, नुसता अर्ज देणाऱ्याला नाही.

म्हणून प्रथम खबरीची प्रत, गुन्हा क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. नकार मिळाला तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. नव्वदावा दिवस लिहून ठेवा आणि तोवर काही कळले नाही तर लेखी जाब विचारा.