पाण्याच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव कधी?

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. मुक्ताईनगर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात आमच्या बचत गटांची बैठक होती. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मच्छीमारांच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षण वर्गाची सूचना लागलेली होती. मत्स्यबीज कसे सोडायचे, बोटुकली कशी वाढवायची, मासा बर्फात किती वेळ टिकतो, असे विषय होते. बैठकीतल्या बऱ्याचजणी मासे विकणाऱ्या. भोईवाड्यातली एक मावशी म्हणाली, "ताई, आमचीबी नावं लिवा नं." मी पाच जणींची नावे लिहून पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आले. वर्ग संस्थेच्या सभासदांसाठी आहे, बायकांसाठी पुढे लोणच्या-पापडांचा वर्ग घेऊ.

मावशीला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "लोनचं तं आमाले येते व माय. पान्याचं शिकवा."

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो आपल्या सर्वांपुढे मांडावा म्हणून हे लिहिते आहे.

आमचा भाग दोन नद्यांचा. चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात. त्याच्या खाली हतनूरचे धरण आहे, एक्केचाळीस दरवाजांचे. १९८२ मध्ये ते पूर्ण झाले आणि संगमाच्या आसपासचे पाणी पसरले. जिथे वाहती नदी होती तिथे जलाशय झाला. पूर्णेने आणलेला गाळ त्यात साचत गेला. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, ते पाहायला शहरातली माणसेही येतात. पण त्याच काठावर पहाटे जाळ्यातून मासे सोडवत बसलेल्या बायका फारशा कोणाच्या नजरेत भरत नाहीत.

पुरुष जाळे टाकतो आणि ओढतो. त्यापुढचे बहुतेक काम बाईचे. मासे सोडवायचे, निवडायचे, लहान-मोठे वेगळे करायचे, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, गिऱ्हाईकाशी घासाघीस करायची, संध्याकाळी उरलेला माल पडत्या भावात द्यायचा. फाटलेले जाळे विणायलाही तीच बसते. कोणत्या महिन्यात मरळ जास्त येते, चिलापी वाढल्यापासून कोणता मासा दिसेनासा झाला, हे मला या बायकांनीच सांगितले. तरी 'मच्छीमार' म्हटले की डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो. छोट्या मासेमारीवरचा एक जागतिक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक अन्न व कृषी संघटना त्यात सहभागी होती. मासे पकडण्याच्या आधीची आणि नंतरची कामेही मोजली, तर या व्यवसायातल्या दर दहा माणसांत चार स्त्रिया निघतात, असे त्यात दिसले. म्हणजे आपल्या मावशीचे काम जगभर चालते, आणि जगभर ते मोजायचे राहून जाते.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'चा कार्यक्रम घेतला तेव्हा अनेक गावांत बायकोच्या नावावर जमीन करून देण्यात आली. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर का नाही, हा प्रश्न त्यामुळे घरोघर पोचला. पाण्याला सातबारा नसतो. जलाशयातली मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थेला मिळते आणि तिथे जाळे टाकण्याचा हक्क संस्थेच्या सभासदाला. त्यामुळे संस्थेची सभासद यादी हाच पाण्याचा सातबारा. प्रशिक्षण, जाळ्यांसाठी मदत, कर्जाची शिफारस, सगळे त्या यादीवरून ठरते. त्या यादीत बाई नसेल तर ती कागदोपत्री मच्छीमारच नाही.

कायदा काय म्हणतो? २०११ च्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राचा सहकार कायदाही बदलला. संस्थेच्या संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत. ऐकायला बरे वाटते. पण जागा भरायची सभासद स्त्रियांमधून. सभासदच नसतील तर जागा कोणासाठी? ही अडवणूक वरच्या खुर्चीपाशी नाही, खाली दारातच आहे.

योजनांचेही तसेच. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला चाळीस टक्के अनुदान, तर स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के. हा फरक चांगल्या हेतूने ठेवलेला आहे. पण एवढ्याने मालकी बाईच्या हाती येईल असे समजू नका. वीस टक्के जास्त मिळतात म्हणून अर्ज बायकोच्या नावाने भरायचा, अंगठा किंवा सही तिची आणि व्यवहार सगळा घरातल्या पुरुषाच्या हाती, हे आपण इतर योजनांत पुष्कळ पाहिले आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीत बाईची जी अवस्था आहे तीही या दर्जाबरोबर पाण्यात उतरणार का, हे आताच विचारायला हवे.

याच काळात मला एक पत्र आले. माझ्याबरोबर समाजकार्याचे शिक्षण घेतलेली मैत्रीण अमेरिकेत असते. तिच्या गावात गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा क्लब आहे. गळाला पिसे आणि केस बांधून खोटी माशी तयार करायची, ती पाण्यावर अलगद टाकायची. वर्गाचा पहिला दिवस तर नुसत्या गवतावर, हात वळवण्याचा सराव. क्लबचे लोक नदीकाठ साफ करतात, शाळेतल्या मुलांना पाण्यातले किडे ओळखायला शिकवतात. धरलेला मासा बहुतेक वेळा परत सोडून देतात. मी हे बैठकीत सांगितले तेव्हा बायका पोट धरून हसल्या. "धरता आन् सोडूनबी देता? मंग खाता काय?"

हसण्यासारखे आहेच. पण त्या पत्रात आपल्या कामाचेही काही होते. तिथेही पुरुषांच्या क्लबांत बायकांना दार बंद होते, म्हणून १९३२ मध्ये न्यूयॉर्ककडच्या बायकांनी गळाने मासे धरणाऱ्या स्त्रियांचा स्वतःचा क्लब काढला. १९९६ मध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांसाठी अशी शिबिरे सुरू झाली. गळ फेकताना हात जसा फिरतो, तो व्यायाम शस्त्रक्रियेनंतरच्या खांद्याला उपयोगी पडतो, आणि नदीकाठी चार बायकांना मोकळे बोलता येते. तिथे हौस आहे, इथे पोटाचा प्रश्न आहे. पण पाण्याजवळ बसून शिकण्याचा हक्क बाईला दोन्हीकडे मागूनच घ्यावा लागला.

आता आमच्याकडचे आक्षेप. पाणी खोल, रात्रीची वेळ, बायकांना कसे झेपेल, असे म्हणतात. मावशीने त्याला उत्तर दिले आहे. पहाटे चार वाजता अंधारातून टोपली घेऊन निघते तेव्हा तिला कोणी अडवत नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. मासा आधीच कमी, सभासद वाढले तर प्रत्येकाचा वाटा कमी होईल, एका घरात दोन सभासद कशाला? हे म्हणणारे भोई आणि कोळी समाजाचे पुरुष काही जमीनदार नाहीत. त्यांच्याही हातात जाळ्याशिवाय फारसे काही नाही. आपले भांडण त्यांच्याशी नाही. पण एका घरात एकच सभासद ठेवायचा तर तो दर वेळी पुरुषच का? मावशीचा नवरा वारल्यावर सभासदत्व मुलाच्या नावावर गेले. मुलगा सुरतेला कामाला आहे. आई रोज काठावर असते आणि दुसऱ्याचा मासा विकत घेऊन विकते.

आणि आपणही काही विचारायला हवे, स्वतःला. लोणच्या-पापडांचे वर्ग घेणारी मीही होते. गट स्थापन झाला की शिवण, पापड, मसाला, हे ठरलेलेच. बाईला आधीच येते तेच तिला पुन्हा शिकवून आपण अहवाल भरले. तिला काय शिकायचे आहे हे विचारले नाही.

गोंदिया जिल्ह्यात ढिवर समाजाच्या बायकांनी तलावातला बेशरम उपटला, स्थानिक माशांना आसरा मिळावा म्हणून पाणवनस्पती लावल्या. पाण्याचे ज्ञान बाईजवळ असते, हे सिद्ध करायला याहून जास्त काही नको.

आमच्या पाच जणींनी सभासदत्वाचे अर्ज दिले. दोघींनी घरच्या बोलण्यामुळे मागे घेतले. मावशीसह तिघींचे अजून तसेच पडून आहेत. आम्ही लेखी उत्तर मागितले आहे. आमच्या मागण्या साध्या आहेत. मासे निवडणे, विकणे, जाळे विणणे हे काम मासेमारीच धरावे. सभासदाच्या पश्चात प्रत्यक्ष काम करणाऱ्या विधवेचा हक्क आधी पाहावा. मच्छीमारांच्या प्रत्येक प्रशिक्षणात निम्म्या जागा बायकांना द्याव्यात, आणि वर्गाची वेळ बाजाराची वेळ सोडून ठेवावी.

आमच्या तालुक्याला मुक्ताईचे नाव आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाने त्या लहान मुलीला गुरू केले, ही कथा इथे पोरासोरांना ठाऊक आहे. त्याच चांगदेवाच्या नावाच्या गावी, त्याच संगमावर, आज बाईला शिकायलाही जागा नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या भागात तलाव असेल, धरण असेल, तर तिथल्या मच्छीमार संस्थेची सभासद यादी एकदा मागून पाहा. त्यात बायका किती आहेत ते मोजा, आणि आम्हाला कळवा.