शिवी म्हणून दिलेले नाव

एखाद्याला एकदा नाव ठेवले, की ते पुसायला किती काळ लागतो? ‘गॉथिक’ या शब्दाचा इतिहास पाहिला तर उत्तर येते, जवळजवळ तीनशे वर्षे.

गॉथ ही जर्मानिक टोळी. इ. स. ४१० मध्ये तिने रोम लुटले. आपण ज्यांना गॉथिक म्हणतो ती चर्चे मात्र त्यानंतर सातशे वर्षांनी, फ्रान्समध्ये उभी राहू लागली. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठात सुजेर या मठाधिपतीने बांधलेल्या नव्या भागाचे पवित्रीकरण ११४४ साली झाले. टोकदार कमानी, छताला दगडी बरगड्या आणि पुढे भिंतींना बाहेरून दिलेले कमानींचे टेकू यांमुळे छताचा भार भिंतीवरून उतरला. मोकळ्या झालेल्या भिंतीत रंगीत काचा आल्या. गॉथांचा यात काडीचाही संबंध नव्हता.

नाव चिकटवले ते इटलीतल्या प्रबोधनकाळाने. प्राचीन रोमचे वैभव आपण परत आणत आहोत असे सांगायचे, तर मधली शतके अंधाराची ठरवणे भागच होते. जॉर्जो वासारीने १५५० साली प्रसिद्ध केलेल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथात ही बांधणी राक्षसी आणि रानटी ठरवली व तिचे खापर गॉथांवर फोडले.

प्रबोधनाने जगाला प्रमाणबद्धतेची दृष्टी दिली, हे ऋण मी नाकारत नाही. पण वासारीने ज्याचे भरभरून कौतुक केले, त्या ब्रुनेलेस्कीचा फ्लॉरेन्सचा घुमट (१४२०-३६) पाहा. त्याचा टोकदार आकार आणि त्याच्या बरगड्या सरळ गॉथिक परंपरेतल्या आहेत. नव्याने जुन्याचा आधार घेतला होताच. फक्त तो कबूल केला नाही.

खात्यावर एकदा ‘बुडीत’ असा शेरा पडला, की पुढचा अधिकारी ते खाते उघडूनही पाहत नाही, हे मी बँकेत असताना पाहिले आहे. वास्तूंचेही तेच झाले. अठराव्या शतकात पॅरिसच्या नोत्र दामच्या बहुतेक जुन्या रंगीत काचा काढून साध्या काचा बसवल्या गेल्या. कारण काय, तर उजेड हवा होता. ती मध्ययुगीन किमया परत आली नाही.

पुढे १७७२ साली गटेने स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलवर लिहिले आणि १८३१ साली ह्यूगोची नोत्र दामवरची कादंबरी आली, तेव्हा कुठे लोक पुन्हा मान वर करून पाहू लागले. त्या नव्या आवडीची लाट इंग्लंडमार्गे मुंबईला पोचली. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आराखडा केलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्या याच ‘शिवी’सकट!

शब्द सुधारला, हे चांगलेच झाले. पण फुटलेली काच शब्दाने सांधली जात नाही. म्हणून मला वाटते, आपल्या आधीच्या पिढीच्या कामाला नाव ठेवण्यापूर्वी निदान एकदा आत जाऊन, मान वर करून पाहावे.