बायो कशाला हवं?

गेल्या रविवारी कळंबोलीला मामाकडे जेवायला गेलो होतो. मटण झालं, सोलकढी झाली, आणि मग विषय निघाला मामेभावाच्या अकरावीच्या फॉर्मचा. सायन्स नक्की आहे. प्रश्न एवढाच की बायोलॉजी ठेवायचं की सोडून कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल घ्यायचं. मामाचं लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, आणि त्याचं उत्तर तयार होतं. "इंजिनिअरच व्हायचंय ना? मग बायो कशाला? नुसतं पाठांतर ते." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरातला इंजिनिअर मी.

दोन वर्षांपूर्वी मी मान डोलावली असती. मी स्वतः बायो सोडलेला माणूस. अमीबाची आकृती आणि चौदा नावं, यापलीकडे त्या विषयात काही असतं असं मला वाटतच नव्हतं. आमच्या कँटीनमध्ये तर याचा अभिमान असतो. "डीएनए म्हणजे शेवटी कोडच रे," असं म्हणायचं, चहाचा घोट घ्यायचा, आणि जीवशास्त्र संपलं! मीही हे किमान दहा वेळा म्हटलं असेन.

मग एका प्रोजेक्टमध्ये क्लायंटकडून प्रोटीनची लांबलचक यादी आली. काम साधं वाटलं. प्रत्येक प्रोटीन पेशीच्या कुठल्या कप्प्यात जातं, त्यानुसार वर्गवारी करायची. कुणीतरी सांगितलं की पत्ता प्रोटीनमध्येच लिहिलेला असतो. म्हटलं सोपंय, रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितो, संध्याकाळपर्यंत देतो. (हसू नका.)

पत्ता प्रोटीनमध्येच असतो हे खरं आहे. पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे, आत पडद्यांनी वेगळे केलेले कप्पे असतात. केंद्रक, मायटोकाँड्रिया, पेरॉक्सिझोम वगैरे. प्रोटीन बनतात बहुतेक बाहेरच्या मोकळ्या जागेत, आणि मग योग्य कप्प्यात पोचावी लागतात. मामाच्या भाषेत सांगायचं तर बिल्टी वेगळ्या कागदावर नसते, मालाचाच एक तुकडा बिल्टी असतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गुंटर ब्लोबेल यांनी डेव्हिड सबाटिनी यांच्यासोबत १९७१ मध्ये ही कल्पना मांडली, १९७५ मध्ये प्रयोगांनी भक्कम केली, आणि १९९९ मध्ये ब्लोबेल यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आपल्या घराघरातलं उदाहरण इन्सुलिनचं. ते आधी ११० अमिनो आम्लांची साखळी म्हणून बनतं. त्यातली पहिली २४ म्हणजे बिल्टी. माल पडद्यातून आत शिरला की बिल्टी कापून टाकतात. मग आणखी काटछाट होऊन उरतात ५१. त्या पहिल्या २४ मध्ये एक अक्षर चुकलं तरी काही बाळांना जन्मल्यापासून मधुमेह होऊ शकतो.

आता माझ्या रेग्युलर एक्स्प्रेशनची गोष्ट. ते चाललं नाही. कारण हा पत्ता पिनकोडसारखा नाही, जरी सगळे लेख तसंच सांगतात. पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यात एक आकडा चुकला की पत्र भलतीकडे. इन्सुलिनसारख्या बाहेर जाणाऱ्या प्रोटीनच्या बिल्टीचं मात्र ठरलेलं स्पेलिंगच नाही. मधे पाणी टाळणाऱ्या, तेलकट अमिनो आम्लांचा एक पट्टा असला की साधारण भागतं. १९८७ मध्ये डेव्हिड बॉट्स्टाईन यांच्या गटाने यीस्टमधल्या एका प्रोटीनची खरी बिल्टी काढून तिथे माणसाच्या डीएनएचे कुठलेही तुकडे चिकटवले. त्यातले सुमारे एक पंचमांश चालले! वाटेल ते लिहिलं तरी पाचातलं एक पार्सल पोचतंय. कुठल्या कोडमध्ये असं होतं? आमच्याकडे एक सेमीकोलन राहिला तर बिल्ड फुटतो. म्हणूनच डेन्मार्कच्या लोकांनी ही बिल्टी ओळखायला १९९७ मध्येच न्यूरल नेटवर्क वापरलं, आणि मी इतक्या वर्षांनी स्ट्रिंग मॅच करत बसलो होतो. तेव्हा 'डीएनए म्हणजे कोड' हे वाक्य मी सोडलं.

आणि गंमत अशी की दुसऱ्या कप्प्याचा नियम एकदम कडक. पेरॉक्सिझोमला जाणाऱ्या बऱ्याच प्रोटीनच्या शेवटी फक्त तीन अमिनो आम्लं असतात, सेरीन, लायसीन, ल्युसीन. हे सापडलं कशात, तर काजव्यात. अमेरिकेतल्या काजव्याला उजेड देणारं एन्झाईम माकडाच्या पेशीत घातलं, तर ते सरळ पेरॉक्सिझोममध्ये जाऊन बसलं. हे काम १९८० च्या दशकात सॅन डिएगोला सुरेश सुब्रमणी यांच्या प्रयोगशाळेत झालं, आणि सुब्रमणी शिकले आपल्या पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. दरवर्षी पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला गाड्या भरून जाणाऱ्या आपल्या आयटी जनतेला हे माहीत असतं का? मला नव्हतं. मी फोटो काढले, तेही हललेले. :-)

आता मुख्य मुद्दा. 'पाठांतर' म्हणणाऱ्यांनी हे ऐकाच. एजीटी नावाचं यकृतातलं एक एन्झाईम आहे. माणसात ते पेरॉक्सिझोममध्ये लागतं. पाश्चात्त्य रुग्णांमध्ये नेहमी दिसणाऱ्या एका आजारात त्याची दोन अक्षरं बदललेली असतात, ११ वं आणि १७० वं. ११ वं एकटं बदललं तर कुणाला कळतही नाही, खूप निरोगी लोकांत ते बदललेलं असतं. पण दोन्ही एकत्र आली की जवळजवळ ९० टक्के एन्झाईम मायटोकाँड्रियात जातं. एन्झाईम काम करू शकतं, जागा चुकली एवढंच. तेवढ्यावर शरीरात ऑक्झॅलेट साठतं, मुतखडे होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. बऱ्याचदा नुसतं मूत्रपिंड बदलून भागायचं नाही, यकृतही बदलावं लागायचं. २०२० मध्ये अमेरिकेत आणि युरोपात एक नवं औषध मंजूर झालं, पण तेही पत्ता दुरुस्त करत नाही. आधीच्या पायरीवरचं एन्झाईम बंद पाडून वाट काढतं. आम्ही त्याला वर्कअराउंड म्हणतो.

आणि मांजरात हेच एन्झाईम मुळात मायटोकाँड्रियातच असतं, सशात आपल्यासारखं पेरॉक्सिझोममध्ये, उंदरात दोन्हीकडे. कारण खाणं. पालापाचोळा खाल्ला तर विषारी माल एका कप्प्यात तयार होतो, मांस खाल्लं तर दुसऱ्यात. म्हणजे पत्ता आहारानुसार बदलत गेला. यात पाठ करण्यासारखं काय आहे ते दाखवा. हे डिबगिंग आहे, तेही डॉक्युमेंटेशन नसलेल्या सिस्टिमचं.

मामाचं म्हणणं अगदीच खोटं नाही हेही कबूल करतो. बायो शिकवतात तसंच, आकृती काढा, भागांना नावं द्या, पाच मार्क. आमच्या कॉलेजात सरांना कुणी 'का' विचारलं तर उत्तर यायचं, "सिलॅबसमध्ये नाही." शिवाय सीईटी, क्लासेस, वेळ, हे सगळं आहेच. पण वाईट शिकवतात म्हणून विषयच सोडायचा, तर मग गणित तरी कुणी घेतलं असतं? आणि 'इंजिनिअरला काय उपयोग' म्हणाल, तर पुढचं रेल्वे स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे, कॅन्सरवर संशोधन करणारं. तिथे डेटाचे ढीग आहेत. ते ढीग उपसायला प्रोग्रामर लागतात, आणि प्रोटीन बघून 'पत्ता कुठल्या कॉलममध्ये आहे?' असं विचारणारा माझ्यासारखा प्रोग्रामर लागत नाही.

हे सगळं मी रविवारी बोललो, अर्थात यापेक्षा बरंच विस्कळीत. मामी म्हणाली, "म्हणजे घ्यायचं का नाही, ते सांग." मामा बिल्टीच्या उदाहरणावर खूश झाला, पण मत बदललं नाही. मामेभावाने विचारलं, "मांजराला मुतखडा होत नाही का मग?" ते मला माहीत नव्हतं. तो मोबाईलवर शोधायला लागला. फॉर्म अजून भरायचाय.